अहवालातला गुडघा

१

सर्जनने फोनवर आधी नमस्कार केला नाही, तिथेच डॉक्टरीणबाईंनी ओळखलं, काहीतरी बिनसलंय. हा माणूस एरवी इतका अदबशीर, की टेबलावरच्या बेशुद्ध पेशंटलाही "जरा पाय हलवतो हं" असं सांगून मगच पाय हलवणारा.

"मॅडम, तुमच्या भाचीचं ऑपरेशन आत्ता संपवलं," तो म्हणाला. "गुडघ्यातलं पुढचं लिगामेंट तुटलंय."

"काल अंतिम सामन्यात पडली तेव्हाच तुटलं असणार."

"तेच तर सांगतोय. कालचं नाही ते. तुटलेली टोकं गोल झालीत, एक टोक मागच्या लिगामेंटला जाऊन चिकटलंय. चार-सहा महिन्यांची जुनी भानगड आहे. काल पडली तेव्हा त्याच्या जोडीला हाडांमधली गादीही फाटली आणि सांध्यात अडकली. अर्धी गादी काढून टाकावी लागली मला." "आणि तुमचा एमआरआयचा अहवाल तीन आठवड्यांपूर्वीचा आहे. त्यात लिहिलंय, लिगामेंट निरोगी. खाली तुमची सही."

बाईंनी समोरचा डबा बंद केला. भूक कुठल्या कुठे पळाली होती.

रेडिओलॉजिस्ट म्हणून त्यांची उभी हयात लोकांचे गुडघे बघण्यात गेली होती. एरवी गुडघ्याचा एमआरआय म्हणजे अर्ध्या-पाऊण तासाचं काम. यंत्र एकाच गुडघ्याची सतरा बाजूंनी चित्रं काढत बसतं आणि बाहेर रांग मारुतीच्या शेपटासारखी वाढत जाते. बाईंनी वर्षानुवर्षं खपून त्यातली नेमकी लागणारी चित्रं तेवढी ठेवली आणि दहा मिनिटांत लिगामेंटचा निकाल लागू लागला. मग ट्रकवर बसवलेलं यंत्र आलं. ज्यांना शहरातल्या रुग्णालयापर्यंत येणं जमत नाही, त्यांच्या दारात ते जाऊन उभं राहू लागलं. भाचीच्या फुटबॉल संघातल्या जुन्या दुखापतवाल्या मुलींची तपासणी याच ट्रकमध्ये झाली होती. बाईंनी चित्रं इथे, आपल्या खोलीत बसून वाचली होती.

दुपारीच अधीक्षकांचं बोलावणं आलं. ते खुर्चीतून उठले नाहीत. "छोटा स्कॅन आजपासून बंद," ते म्हणाले. "ट्रकही जागेवर उभा राहील. परवा चौकशी बसतेय. तुमच्या दहा मिनिटांनी एका पोरीचा पाय घेतला असं लोक म्हणायला लागलेत."

बाई घरी आल्या त्या धुमसतच. मुलीने, म्हणजे चिऊने, चहा पुढे केला. कॉलेजात जाणारी मुलगी, पण घरात अजून चिऊच. बाईंच्या हातातलं पेन निसटून सोफ्याखाली गेलं, तर चिऊने कोपऱ्यातला झाडू आणला आणि उभ्याउभ्याच पेन ओढून काढलं.

"गुडघे टेकायला काय पैसे पडतात का गं?" बाई खेकसल्या.

"तुझा राग माझ्यावर नको काढूस, आई," चिऊ म्हणाली आणि आत गेली.

२

चूक आपली असेल, तर ती आधी आपल्याला दिसली पाहिजे, असा बाईंचा खाक्या होता. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी भाचीची चित्रं पडद्यावर लावली. भाचीला सगळा संघ भिंगरी म्हणायचा, कारण चेंडू पायात आला की ही कुठून कशी फिरेल याचा कुणाला पत्ता लागत नसे.

पडद्यावरचं लिगामेंट चांगलं ताणलेल्या दोरीसारखं होतं. काळंभोर, सलग. शिकाऊ डॉक्टरही याला तुटलं म्हणाला नसता. बाईंना हायसं वाटलं आणि लगेच त्या हायसं वाटण्याची लाज वाटली. आपण बरोबर वाचलं, मग सर्जनने पाहिलं ते काय?

त्यांनी अहवाल पुन्हा वाचला. शेवटी त्यांनीच लिहिलेली एक ओळ होती: गुडघ्याची वाटी जन्मतः दोन तुकड्यांची, निरुपद्रवी. काही लोकांची वाटी अशी असते. वरच्या बाहेरच्या कोपऱ्यातला एक तुकडा मुख्य हाडाला जुळायचा राहून जातो. शंभरात एखाद्याला असतं आणि बहुतेकांना ते आयुष्यभर कळतही नाही.

बाईंनी सर्जनला फोन लावला. "भिंगरीचा ऑपरेशनपूर्वीचा एक्स-रे आहे ना? वाटी कशी आहे?"

"वाटी? वाटीला काय झालंय? अखंड आहे. छान गोल."

"कोपऱ्यात फट नाही?"

"केसभरही नाही."

जन्माची फट तीन आठवड्यांत बुजत नाही. बाईंनी फोन ठेवला आणि उठून ट्रककडे गेल्या.

ट्रकवरचा टेक्निशियन नवा होता. आधीच्या रात्री झोप न झाल्याचं त्याच्या तोंडावरच दिसत होतं. बाई दिसताच तो उठून उभा राहिला.

"मॅडम, मी काही घोळ केला नाही हो. घरी आई आजारी, बायको बाळंतपणाला टेकलेली. मी कशाला असलं धाडस करीन?"

"घोळ केलास असं मी म्हटलंय का? बस. मुलगी आली तेव्हापासून सांग."

"कोचनी यादी दिली होती. मी नाव पुकारलं, मुलगी आली. नाव विचारलं, हो म्हणाली. संघाचा ट्रॅकसूट, डोक्यावर टोपी. एक आठवतंय, ट्रकच्या पायऱ्या कठडा धरून चढली, एकेक पायरी करून. मनात म्हटलं, बिचारीचा गुडघा चांगलाच दुखतोय."

"घाबरली होती?"

"छे! बाकीच्या मुलींना यंत्राच्या आवाजाची भीती घालवता घालवता नाकी नऊ आले. हिने मी सांगायच्या आधीच डब्यातले बोळे घेऊन कानात घातले. म्हणाली, दहाच मिनिटं ना? दुखतं तिथे तेलाची कॅप्सूल लाव म्हटलं, तीही स्वतः लावली. फार शहाणी मुलगी."

ही कॅप्सूलची पद्धत बाईंचीच. माशाच्या तेलाची साधी पिवळी गोळी कातडीवर चिकटवली की चित्रात तो ठिपका पांढरा चमकतो आणि कुठे दुखतं हे वाचणाऱ्याला न विचारता कळतं. पेशंटनेच ती लावायची, म्हणजे टेक्निशियनचा वेळ वाचतो.

"तुझ्या यंत्रात झोपली ती मुलगी," बाई सावकाश म्हणाल्या, "भिंगरी नव्हती. किंवा तू दोघींची चित्रं एकमेकींच्या नावावर टाकलीस. दोन्हीपैकी एक."



३

भिंगरी पलंगावर पाय लांब करून पडली होती. पट्ट्यांमुळे गुडघा कोहळ्याएवढा दिसत होता. मावशीला बघताच तिचे डोळे भरले. बाईंचेही भरले. बहीण नोकरीनिमित्त सदा बाहेरगावी, त्यामुळे ही पोर निम्मी बाईंच्याच घरात वाढली होती. चिऊला तर उठता-बसता भिंगरीताईच लागायची.

"मावशी, माझं खेळणं संपलं का गं?"

"लिगामेंट नवं बसवता येतं. अर्ध्या गादीचं अवघड आहे. वेळेवर कळलं असतं, तर ही पाळी आली नसती." बाईंनी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. "मला एवढंच सांग, त्या दिवशी ट्रकमध्ये काय झालं?"

"काय व्हायचंय? गेले, झोपले. ते यंत्र नुसतं ठकठक करत होतं, डोकं उठलं माझं." मग तिने आवाज खाली आणला. "मावशी, तो माणूस ना, धांदरट आहे. आम्हा चौघींची नावं एकत्र करत बसला होता. त्यानेच अदलाबदल केली असणार. तू अधीक्षकांना तसं सांग ना. तुझ्या स्कॅनवरचा डागही जाईल."

बाईंच्या मनावरचं मणाचं ओझं उतरलं. इतकं सोपं होतं तर! पोर एवढ्या दुखण्यातही मावशीची अब्रू कशी वाचेल याचा विचार करतेय, म्हणून त्यांना तिचं कौतुकही वाटलं.

पण बाईंचा स्वभाव पडला चौकस. अदलाबदल झाली असेल, तर भिंगरीचा तुटका गुडघा दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर सापडायला हवा. त्यांनी त्या दिवशीचे सगळे गुडघे पुन्हा पडद्यावर लावले. कुणाची गादी झिजलेली, कुणाला सूज, पण जुनं तुटून मागे चिकटलेलं लिगामेंट एकीचंही नव्हतं.

म्हणजे चित्रं इकडची तिकडे झालीच नव्हती. भिंगरीचा गुडघा यंत्रात गेलाच नव्हता.

मग संशयाचा काटा कोचकडे वळला. यादी त्याची, अंतिम सामना त्याचा आणि भिंगरीशिवाय तो सामना म्हणजे बिनपाण्याची विहीर. बाईंनी त्याला मैदानावरच गाठलं. रांगडा गडी, जाळ्या गोळा करत होता.

"माझ्यावर संशय घेताय?" तो भडकला. "डॉक्टरीणबाई, तपासणीचा हट्ट माझा होता! जुनी दुखापतवाली एकही मुलगी तपासल्याशिवाय उतरवणार नाही, असं मी फुटबॉल मंडळाला लिहून दिलं होतं. आणि तुमची भाची! असली पोर हजारात एक. ट्रक आला त्या दुपारी बाकीच्या तपासणीच्या नावाखाली सावलीत गप्पा छाटत होत्या. ही पोरगी शेवटच्या शिट्टीपर्यंत मैदानावर. एक मिनिट सराव सोडला नाही तिने, एक मिनिट!"

"एक मिनिटही नाही?"

"मी इथेच उभा होतो की! तिच्या फटक्यांचे चेंडू मीच आणून देत होतो."

बोलता बोलता कोचच्याही काहीतरी ध्यानात आलं आणि हातातली जाळी तशीच राहिली. बाईंनी त्याच्याकडे बघितलं नाही. ठकठक आवाजाने डोकं उठलं म्हणणारी भाची त्यांच्या कानात बोलत होती. आपल्या मांडीवर झोपलेली पोर आपल्या तोंडावर इतकं सफाईदार खोटं बोलली, आणि आपण तिचे केस मागे सारत बसलो.

४

आता एकच प्रश्न उरला होता. भिंगरीच्या जागी झोपलं कोण?

बाईंनी पडद्यासमोर बसून तोच गुडघा पुन्हा उघडला. पहिल्यांदा त्यांनी लिगामेंट बघितलं होतं, नंतर वाटी. कॅप्सूलच्या पांढऱ्या ठिपक्याकडे त्यांनी दोन्ही वेळा नुसती नजर टाकून पुढचं चित्र काढलं होतं. आता त्या तिथेच थांबल्या.

ठिपका वाटीच्या वरच्या बाहेरच्या कोपऱ्यावर होता. बरोबर त्या फटीवर.

तोतया मुलीला भिंगरीचं नाव पढवलं होतं, कपडे दिले होते, पण कॅप्सूल कुठे लावायची हे पढवायचं राहून गेलं होतं. टेक्निशियन म्हणाला, दुखतं तिथे लाव. आणि खोटं बोलायला आलेल्या त्या भाबड्या मुलीने अगदी खरं सांगितलं. तिचं स्वतःचं दुखत होतं तिथेच तिने ती लावली.

म्हणजे ही फट निरुपद्रवी नव्हती. ती दुखत होती. अशा माणसाला पायरी चढताना कळ येते. जमिनीवर गुडघा टेकवत नाही. आणि ही मुलगी एमआरआयला घाबरत नाही, बोळे कुठे असतात ते तिला माहीत आहे, स्कॅन दहाच मिनिटांचा असतो हेही माहीत आहे. असल्या गोष्टी ज्या घरात जेवताना बोलल्या जातात, अशा घरातली ही मुलगी.

बाईंच्या डोळ्यांसमोर सोफ्याखाली फिरणारा झाडू आला.

त्या पडद्यासमोर किती वेळ बसून राहिल्या, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. जगाचे गुडघे ओळखणाऱ्या बाईला आपल्या पोटच्या पोरीचा गुडघा ओळखता आला नव्हता.

संध्याकाळी चिऊ उंच स्टुलावर बसून भाजी निवडत होती. बाई समोर उभ्या राहिल्या.

"कॅप्सूल तिथे का लावलीस?"

चिऊचा हात थांबला. नाही म्हणायचा तिने प्रयत्नही केला नाही. "तो म्हणाला, दुखतं तिथे लाव."

"कधीपासून दुखतंय?"

"गेल्या वर्षीपासून. तुला सांगितलं होतं. तू म्हणालीस, वाढतं वय आहे, दुखायचंच." ती खालीच बघत होती. "भिंगरीताईचा गुडघा सारखा सटकायचा. यंत्रात गेली असती तर तुला लगेच कळलं असतं आणि तिला सामना खेळता आला नसता. ती म्हणाली, फक्त जाऊन झोप, एका सामन्याचा प्रश्न आहे. तुझा स्कॅन कसा चालतो, काय विचारतात, सगळं मला पाठच होतं. तूच सांगत असतेस ना."

"आणि ती पडल्यावर? माझं काम बंद पाडलं, मला चौकशीला उभं करताहेत, हे दिसत होतं ना तुला? मला चहा करून देत होतीस!"

"ताईने शपथ घातली होती."

"आता तिने त्या टेक्निशियनचं नाव पुढे केलंय. तेही ठाऊक आहे?"

चिऊने भाजी बाजूला सारली. मग म्हणाली, "आई, त्याचं काय, त्याला दुसरीकडे कुठेतरी काम मिळेल. ताईचं बाहेर आलं तर तिला मंडळ कायमचं बाद करेल. पाय बरा झाला तरी. तू फक्त गप्प राहा ना. तुझा स्कॅनही वाचतोय."

भिंगरीचं खोटं बाईंनी कसंबसं गिळलं होतं. हे बोलणं गिळवेना. केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते त्यांना त्या स्वयंपाकघरात कळलं. वैऱ्याने केलं असतं तर त्या भांडल्या असत्या. इथे कुणाशी भांडायचं? त्या आपल्या खोलीत गेल्या आणि दार लावून रडल्या.

५

चौकशीच्या खोलीत अधीक्षक, सर्जन आणि कोच आधीच येऊन बसले होते. टेक्निशियन भिंतीशी उभा होता. त्याला कुणी बसायला सांगितलं नव्हतं.

बाईंनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. डावीकडे भिंगरीचा एक्स-रे, अखंड वाटी. उजवीकडे अहवालातला गुडघा, कोपऱ्यात फट असलेला. सर्जन पुढे वाकला आणि त्याच्या तोंडून "अरेच्चा!" निघालं.

"म्हणजे स्कॅनने बरोबरच दाखवलं," तो म्हणाला. "फक्त गुडघा दुसऱ्याचा. मॅडम, मी तुमची माफी मागतो."

अधीक्षकांनी सुटकेचा श्वास सोडला. हा माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त जेवणाच्या वेळेपर्यंत प्रकरण मिटायला हवं होतं. "चला, तर मग सगळं स्पष्ट आहे. ट्रकवर नावांची अदलाबदल झाली. पेशंट मुलीचंही तेच म्हणणं आहे. स्कॅन निर्दोष, तो उद्यापासून सुरू करू. आणि या गृहस्थांना..." त्यांनी भिंतीकडे हात केला, "आजच घरी पाठवू. मॅडम, इथे सही करा."

कोचने मान खाली घातली. त्याला निम्मं ठाऊक होतं, पण आपली सगळ्यात गुणी खेळाडू आपल्याच तोंडाने बुडवायची त्याची छाती झाली नव्हती.

सही केली की सगळं सुटत होतं. स्कॅन वाचत होता, भाची वाचत होती, मुलगी वाचत होती. बाईंनी पेन उचललं. मग ते परत टेबलावर ठेवलं.

"अदलाबदल झालेली नाही," त्या म्हणाल्या. "भिंगरी त्या दिवशी यंत्रात गेलीच नाही. तिने आपल्या जागी दुसरीला पाठवलं. या माणसाने नाव विचारलं, समोरची हो म्हणाली. नाव एकदाच विचारायचं, ही घाईची पद्धत माझी आहे, ती मी बदलेन. याचा यात काही दोष नाही."

"दुसरीला? कुणाला?" अधीक्षकांनी चष्मा काढला. "मॅडम, असा आरोप करायचा तर नाव लागेल. हा गुडघा कुणाचा?"

"माझ्या मुलीचा."

सर्जनने स्वतः उठून एक खुर्ची टेक्निशियनकडे सरकवली.

बाई तिथून थेट भिंगरीच्या खोलीत गेल्या. चिऊ तिच्या पलंगाशी हात धरून बसली होती. बाईंच्या तोंडाकडे बघूनच दोघींना कळलं. भिंगरीने मान भिंतीकडे फिरवली.

"त्या परक्या माणसाला वाचवलंस," चिऊ म्हणाली. "आम्हाला नाही."

"त्याने काही केलं नव्हतं."

"आम्हीही तुझ्याविरुद्ध काही केलं नव्हतं, आई. आम्हाला फक्त एक सामना हवा होता."

दोघींपैकी एकीच्याही तोंडून 'चुकलं' निघालं नाही. बाईंनी पर्समधून एक चिठ्ठी काढून पलंगावर ठेवली.

"चिऊ, उद्या सकाळी तुझ्या गुडघ्याचा स्कॅन आहे. दहा मिनिटांचा नाही, पुरता पाऊण तासाचा. दुसऱ्या डॉक्टरांकडे वेळ घेतलीय."

"दुसऱ्यांकडे का?" चिऊने चिठ्ठीवरून वर बघितलं. "तू नाही बघणार?"

"तुझ्याकडे बघताना मला काहीच दिसत नाही, हे मला आता कळलंय," बाई म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.